मटणाचं पळीभर पाणी

ती. वन्संना,

तुमच्या भावजयीचा साष्टांग नमस्कार. एरवी मी नुसता नमस्कार लिहिते हे तुमच्या लक्षात असेलच (तुमच्या लक्षात काय नसतं!), पण या खेपेला मुद्दाम साष्टांग घातला आहे. माणूस असा पालथा पडला की त्याचं तोंड समोरच्याला दिसत नाही, आणि माझं तोंड सध्या कोणाला दाखवण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? भावोजींचा खोकला काय म्हणतो? त्यांनी सिगारेट सोडली असं तुम्ही मागच्या पत्रात मोठ्या आनंदाने लिहिलं होतंत. त्यांनी मात्र तुमच्या भावाला फोनवर सांगितलं की गच्चीवर पाण्याची टाकी बघायला जातो तेव्हा एखादी ओढतो. (हे मी लिहायला नको होतं. पण घरात खोटं वागणारं माणूस मी एकटीच नाही असं कळलं, तर तुमचा राग जरा वाटला जाईल असं वाटलं. बिचाऱ्यांना फार बोलू नका.)

इकडे सर्व खुशाल असं लिहून मोकळं व्हायचं फार मनात होतं. तुमचे बंधू खुशाल आहेत. दोन्ही वेळा जेवतात, गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाइकाशी बोलावं लागू नये म्हणून पेपर तोंडासमोर धरतात. खानावळही खुशाल आहे. खुशाल नाही ती मी, आणि माझ्यामुळे तुमची लेक. तेव्हा चष्मा लावा, खुर्चीत नीट टेकून बसा, आणि वाचून होईपर्यंत फोनला हात लावू नका, ही पदर पसरून विनंती.

छकुली (एवढी उंच झाली की आमच्या माळ्यावरचे डबे स्टूल न घेता काढते, पण आपल्याला ती छकुलीच) आमच्याकडे राहून कुठे काम करते हे तुम्ही शेजाऱ्यांना ‘औषधांच्या कंपनीत’ असं सांगता, ते मला ठाऊक आहे. मीही आधी तसंच सांगायचे. पण आता गावभर झालं आहे, तेव्हा आपणही एकमेकींशी खरं बोलू. तिथे मांस तयार करतात. जिवंत शेळीच्या अंगातून चिमूटभर मांस काढायचं, शेळीला पाला घालून परत सोडून द्यायचं, आणि ते चिमूटभर मांस स्टीलच्या मोठ्या टाकीत, त्याला जे काय लागतं ते घालून, वाढवत न्यायचं. शेळी आपल्या जागी आणि खिमा आपल्या जागी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला विचारलं, मग खाटकाने काय करायचं गं? ती म्हणाली, मामी, हाच तर वाद चालला आहे.

आणि काय वाद, वन्सं! कंपनीला हा खिमा इथल्या बाजारात विकायचा होता, म्हणून नगरपालिकेने हॉलमध्ये जाहीर सभा ठेवली. आधी दोन्ही बाजूंनी बोलायचं, मग सगळ्यांनी चाखून बघायचं, मग हात वर करून कौल द्यायचा. सभेच्या आधी महिनाभर खानावळीत दुसरा विषय नव्हता. खिडकीजवळच्या टेबलावर या मांसाच्या बाजूचे बसायचे, मोरीजवळच्या टेबलावर विरोधातले, आणि दोन्हीकडचे लोक वाद घालता घालता माझं साधं मटण ओरपून जायचे. न्हाव्याचं म्हणणं, जे मेलं नाही ते खायचं कसं. शिंपीणबाईंचं म्हणणं, जे जन्मलंच नाही ते मरणार कसं. मी दोघांनाही वाढायचे आणि दोघांनाही बरोबर आहे म्हणायचे. खानावळवालीला मत परवडत नाही.

चाखायला दोन परातींत खिम्याचे गोळे ठेवायचे ठरलं. एका परातीत बाजारातल्या मटणाचे, दुसरीत छकुलीच्या मांसाचे. मसाला एक, आकार एक, आणि हातही एकच हवा, म्हणजे कोणी म्हणायला नको की स्वयंपाकात फरक होता. हात कोणाचा, यावर पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचं एकमत झालं, आणि ते माझ्या हातावर झालं. मटणवाला (खाटकांच्या संघटनेचा अध्यक्ष तोच) म्हणाला, बाई रोज माझ्याकडून मटण नेतात, त्यांच्या हाताला मी ओळखतो. आणि विरुद्ध बाजूने हेडमास्तर म्हणाले, यांच्याएवढी चोख बाई मी पाहिली नाही. हेडमास्तर म्हणजे मागच्या गल्लीतले, प्राणिदया मंडळवाले. त्यांना मी रोज डबा पाठवते. त्यांच्या डब्यासाठी माझ्याकडे वेगळी शेगडी, वेगळी पातेली, वेगळी पळी, इतकंच काय भांडी पुसायचं फडकंसुद्धा वेगळं आहे. मांसाची वाफही त्यांच्या भाजीला लागू दिली नाही मी कधी. हे तुम्हाला सांगते आहे ते स्वतःची शेखी मिरवायला नाही. मी किती उंचावरून पडले ते कळावं म्हणून सांगते आहे.

सभेच्या दिवशी सकाळी छकुली बर्फाच्या पेटीतून खिमा घेऊन आली. म्हणाली, मामी, दोन्ही अगदी सारखं कर, एकातला चमचा दुसऱ्यात जाऊ देऊ नकोस. आणि आमचं जरा फिकं लागेल, ते फिकंच राहू दे. आहे तसं लोकांना कळलं पाहिजे. एवढं बोलून ती हॉलवर खुर्च्या मांडून घ्यायला पळाली. चमच्याचं मी अक्षरशः पाळलं हो. दोन कढया, दोन चमचे, दोन झारे, मध्ये पाट उभा करून ठेवला. मग तिच्या कढईतला एक गोळा चाखला. वाईट नव्हता. वाईट असता तर माणूस निदान काहीतरी बोलतो. हा नुसताच होता. आजारी माणसाला डॉक्टरने सांगितलेलं जेवण असतं ना, पोटाला चालतं आणि जिभेला कळत नाही, तसं. आणि माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं की आपली पोरगी स्टेजवर उभी आहे, आणि सगळं गाव अर्धा गोळा चावून उरलेला कागदात गुंडाळतं आहे.

पलीकडच्या शेगडीवर खानावळीचं मटण रटरटत होतं. हाडांचं पाणी, वर चरबीचा तवंग, पळी आतच. मी विचार केला नाही, वन्सं, हातच गेला. सवयीचा हात आहे तो. एक पातेलं फिकं झालं की शेजारच्यातलं थोडं इकडे, ते खारट झालं की इकडचं थोडं तिकडे. खानावळ अशीच चालते, एकही पातेलं स्वतःच्या जिवावर उभं नसतं. गोळे मुरायला ठेवलेल्या कढईत मी एक पळी घातली आणि झाकण ठेवलं. (खरं लिहायचं तर दोन. पहिली घालून चाखलं, मग दुसरी.) चमचा एकातला दुसऱ्यात गेला नाही हे मात्र खरं, गेली ती पळी. हा मुद्दा मी नंतर तुमच्या बंधूंपुढे मांडून पाहिला. ते म्हणाले, कोर्टाबिर्टात जाऊ नकोस. त्यांनी गल्ल्यामागच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं! मग बोलला का नाहीत, म्हटलं, तर म्हणतात, मला वाटलं पाककृतीच तशी असेल. अशा माणसाबरोबर मी संसार केला आहे.

मायेपोटी झालं, असं मी इतके दिवस स्वतःला समजावते आहे. पण तुमच्यापासून काय लपवायचं? लोक काही ‘टाकीतलं मांस फिकं’ म्हणून थांबले नसते. ‘बाईंच्या हाताची चव गेली’ असंही म्हणाले असते. ती भीती मायेच्या मागे लपून उभी होती, आणि पळीचा दांडा दोघींनी मिळून धरला होता.

हॉल खचाखच भरला होता. मटणवाला आधी बोलला. आम्ही जे करतो ते दुकानात, गिऱ्हाइकासमोर करतो, हे बंद टाकीत काय करतात ते कोण बघणार, असं त्याचं म्हणणं. टाळ्या पडल्या. (बंद टाकीत काही झालंच नव्हतं. जे झालं ते माझ्या उघड्या स्वयंपाकघरात झालं होतं.) एका पोराने विचारलं की शेळीची संमती घेतली होती का. छकुलीने शेळीचा फोटो आणला होता, तो हातोहात हॉलभर फिरला. शेळी पाला खात होती आणि कोणाकडेच बघत नव्हती. एका बाईंनी फोटो उलटा करून मागे काही लिहिलं आहे का तेही बघितलं. मग आमचे नाल्याचे आजोबा उठले. ते प्रत्येक सभेत जातात आणि विषय कुठलाही असला तरी नाल्याबद्दल विचारतात. त्यांनी विचारलं, टाकीतलं पाणी शेवटी कुठल्या नाल्यात सोडणार? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा प्रश्न विषयाला धरून होता, आणि नेमका त्यालाच सगळा हॉल हसला. छकुली तेवढी हसली नाही. तिने त्यांना नीट उत्तर दिलं. फार शहाणी मुलगी आहे तुमची, हे मी तेव्हाही मनात म्हटलं.

मग हेडमास्तर उठले. मला वाटलं दयेवर बोलतील. ते म्हणाले की त्यांची बायको मांस खाणाऱ्या घरातली होती, लग्न झाल्यावर त्यांच्यासाठी तिने ते सोडलं. तुला आवडायचं का, असं त्यांनी कधी विचारलं नाही, आणि तिने कधी सांगितलं नाही. आता विचारायला ती नाही. जीव न घेता हे मिळणार असेल, तर तिने माझ्यासाठी काय सोडलं होतं ते मला एकदा कळू दे. एवढंच बोलले आणि टेबलाकडे यायला निघाले. वाटेत छकुलीपाशी थांबले, फोटो हातात घेतला आणि विचारलं, ही आहे ना जिवंत? ती म्हणाली, आहे सर, सकाळीच बघून आले. माझ्या पातेल्यातल्या शेळीचा फोटो कोणी मागितला नाही.

वन्सं, मी परातीमागे चिमटा घेऊन उभी होते. घसा शाबूत होता, माईक हाताच्या अंतरावर होता. ‘थांबा’ एवढाच शब्द पुरला असता. मी तोंड उघडलंसुद्धा, आणि त्यातून निघालं काय, तर “सर, गरम आहे, फुंकून खा.” त्यांनी फुंकून खाल्लं. डोळे मिटून सावकाश चावलं. मग लहान मुलासारखं, आणखी एक मिळेल का, असं विचारलं, आणि मी दिला. हो, दिला.

पुढचं सांगायला नकोच. लोक तुटून पडले. मटणवाल्याने खाल्लं, मिशा पुसल्या आणि म्हणाला, चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. (त्याच्या संघटनेचे लोक त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नाहीत. मटण आणायला जाते तर एकटाच सुरी पुसत बसलेला असतो. खरं बोलला म्हणून त्याच्यावर ही पाळी आली, आणि मला तो अजूनही हाड कमी घालून देतो.) हात वर झाले, कौल छकुलीच्या बाजूने लागला. सभेच्या अध्यक्षांनी मला स्टेजवर बोलावलं, दोन शब्द बोला म्हणाले. मी बोलले. काय बोलले असेन? सचोटीवर बोलले! माझ्या स्वयंपाकघरात लपवाछपवी चालत नाही, असं मी माईकमधून सगळ्या गावाला सांगितलं, आणि तुमचे बंधू शेवटच्या रांगेत खोकले.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. हेडमास्तर रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, बाई तुमचे उपकार आहेत, म्हणून जातात. एकदा मनाचा हिय्या करून डबा द्यायला मी स्वतः गेले. वाटभर वाक्य घोकलं होतं. त्यांनी दार उघडलं, हसले, आणि ते मांस बाजारात कधी येणार असं विचारलं. मी म्हटलं, सर, तुम्हाला एक सांगायचं होतं, आज भाजीत मीठ कमी पडलं आहे. आणि परत आले. छकुलीसमोर तर जीभच उचलत नाही. ती जिंकली म्हणून परवा मी तिच्यासाठी गोड केलं, आणि ती ते नुसती चिवडत बसली. पोरीला दमायला झालं असेल असं म्हणून मी ताट उचललं.

म्हणून हे पत्र. छकुलीला तुम्ही सांगा. तुम्ही तिच्या आई आहात, शिवाय कोणालाही कसलीही गोष्ट तोंडावर सांगायची हातोटी तुमच्याकडे आहे. (हे मी कौतुकाने लिहिते आहे. माझ्या लग्नात माझ्या आईला तुम्ही काय म्हणालात ते मी केव्हाच विसरले आहे.) तिला म्हणा, तुझी मामी वाईट नाही, नुसती बावळट आहे. की उलट म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
तोंड लपवून बसलेली
भावजय

ता. क. : पाकिटाला गोंद लावत होते तेवढ्यात छकुली आली. भर दुपारी कामावरून घरी आली म्हणजे काहीतरी बिनसलं, हे मी ओळखलं. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, मामी, मला माहीत आहे. सभेतले उरलेले गोळे ती डब्यात घालून कामावर घेऊन गेली होती, त्यांच्यात तशी पद्धतच आहे, आणि तिथे तपासल्यावर दुसऱ्या शेळीची चरबी निघाली. म्हणजे मी गोड केलं तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं! आणि आज सकाळी तिने काय केलं असेल? सभेच्या अध्यक्षांकडे जाऊन सांगितलं, ‘माझ्याच हलगर्जीपणामुळे चाचणी बिघडली, कौल रद्द करा.’ माझं नावसुद्धा काढलं नाही. मी रडायला लागले तर मलाच समजावते, ‘मामी, स्वयंपाकघरात उभं राहणं माझं काम होतं, मी खुर्च्या मांडायला गेले.’ कंपनीत तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते ती सांगत नाही. तिने मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी त्या आनंदाने पोटात घातल्या असत्या.

मग मात्र मी चप्पल घातली. आधी अध्यक्षांकडे जाऊन पळी माझी होती असं सांगितलं, आणि मग दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत हेडमास्तरांकडे गेले. छकुली सोबत होती, पण बोलले मीच. पायरीवर उभी राहूनच बोलले. आत गेले असते तर त्यांनी पाणी दिलं असतं, आणि त्यांच्या हातचं पाणी प्यायल्यावर माझ्याने बोलवलं नसतं. ते ऐकून आत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला, मग चुळा भरल्याचा. बराच वेळ भरत होते. इतक्या दिवसांनी चूळ भरून काय उपयोग, असं माझ्या मनात आलं, आणि मग त्या विचाराचीही लाज वाटली. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. म्हणाले, म्हणजे तिने सोडलं ते खरोखर हेच. मी हो म्हटलं. मग म्हणाले, उद्यापासून डबा पाठवू नका. आणि दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आणखी एक ता. क. : काल पाकीट टाकायचं राहिलं ते बरंच झालं, कारण आता खरं काम सांगते. वरचं सगळं वाचून विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. सभा पुन्हा होणार आहे, येत्या रविवारी. पुन्हा दोन पराती, पुन्हा चाखणं. दुसरा आचारी बघू, असं अध्यक्ष म्हणत होते आणि मीही हात जोडून तेच म्हटलं. पण छकुली ऐकेना. शिजवेल तर मामीच, नाहीतर आमचा खिमा आम्ही परत नेतो, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. मटणवालाही हो म्हणाला. हेडमास्तर सभेला येणार आहेत, खाणार नाहीत, नुसतं बसणार आहेत.

तेव्हा तुम्ही शनिवारी संध्याकाळच्या गाडीने निघून या. गुडघ्याचं कारण सांगू नका, शेगडीपाशी खुर्ची ठेवते. सकाळपासून माझ्या शेजारी बसायचं आणि माझा हात दुसऱ्या पातेल्याकडे वळला की मनगट धरायचं, सोडायचं नाही, मी कितीही गयावया केली तरी. तुमच्या बंधूंच्या भरवशावर हे काम सोडता येत नाही, ते पाककृती समजून बघत बसतील. छकुलीला मात्र सांगायचं की तुम्ही सहज भेटायला आलात. तिने मला बजावलं आहे की या वेळी पहारा नको, माझा मामीवर विश्वास आहे. तिचा आहे हो. माझा नाही.